कॅमेरा बंद केला म्हणून मास्किंग थांबत नाही

एक समज हल्ली फार पसरला आहे. स्वमग्न (ऑटिस्टिक) माणसांना समोरासमोर बोलणं जड जातं, पण ऑनलाइन ना चेहरा दिसतो ना नजर, म्हणून तिथे मास्किंगची, म्हणजे आपलं स्वमग्नपण लपवून इतरांसारखं वागण्याची, गरजच नाही. ग्रुप छोटा असेल तर आणखीच सोपं. आणि तरीही कोणी गप्प असेल, तर त्याला रस नाही; कोणी जोक करत असेल, तर तो मुळात स्वमग्नच नाही. हे सगळे निष्कर्ष चुकीचे आहेत.

‘चेहरा नाही, म्हणजे मास्किंग नाही.’ मास्किंग मोजायला वापरतात त्या कॅट-क्यू प्रश्नावलीत 25 विधानं आहेत आणि त्यांचे तीन भाग: जे आपसूक जमत नाही त्याची भरपाई करणं, स्वतःची लक्षणं झाकणं, आणि चारचौघांसारखं वागून मिसळणं. ठरवून ठेवलेली वाक्यं वापरायला किंवा दुसऱ्याची ढब उचलायला चेहरा लागत नाही. दोन ओळींचं उत्तर आधी नोट्समध्ये लिहायचं, चार वेळा वाचायचं, मग ग्रुपवर चिकटवायचं, म्हणजे ‘टायपिंग’ फार वेळ दिसणार नाही. पूर्णविराम रागीट वाटेल म्हणून काढायचा, शेवटी हसरा इमोजी जोडायचा. इतर जण किती लिहितात ते पाहून आवडत्या विषयावरचा मजकूर तेवढाच छाटायचा. कोणी चुकीची माहिती टाकली तरी गप्प बसायचं, कारण मागे दुरुस्ती केली तेव्हा ‘फार शहाणा’ ऐकावं लागलं. इतक्या खटाटोपानंतर बाकीच्यांना दिसते ती एक ओळ.

लिहिताना विचाराला वेळ मिळतो, गोंगाट नसतो, अनेकांना ते खरोखर सोपं जातं. पण ओझं हलकं झालं म्हणजे उतरलं असं नाही.

‘छोटा ग्रुप सोपा.’ बहुतेकदा उलटं होतं. हजार जणांत एकाचं मौन कोणाला जाणवत नाही, पंचवीस जणांत जाणवतं. व्हॉट्सॲपवर ब्लू टिक बंद करता येते, पण ते सेटिंग ग्रुपला लागू होत नाही. कोणी वाचलं ते मेसेजच्या माहितीत दिसतं. शिवाय हीच माणसं उद्या सोसायटीत किंवा ऑफिसात भेटणार असतात. सगळ्यात अवघड म्हणजे छोट्या ग्रुपचे नियम कोणी लिहून ठेवत नाही, ‘सगळ्यांना माहीतच असतात’. असा नियम मोडल्यावरच कळतो. म्हणून माणूस आधी निरीक्षण करतो, मग नक्कल. मास्किंग सुरू होतं ते इथे.

‘गप्प, म्हणजे रस नाही.’ स्वमग्न कार्यकर्ते जिम सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी 1992 साली ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल ही स्वमग्न लोकांनीच चालवलेली संस्था सुरू केली. 1996 साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘ऑट्रीट’ या निवासी मेळाव्यात रंगीत बिल्ले असत: लाल म्हणजे माझ्याशी बोलायला येऊ नका, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी यावं. बोलायची संधी द्यायची, दबाव नाही, हे तिथलं तत्त्व होतं. लाल बिल्ला लावलेला माणूसही मेळाव्यातच होता. तसंच ग्रुपवर नुसतं वाचणं हाही सहभाग आहे.

‘जोक करतो, मग कसला स्वमग्न?’ शिकलेल्या युक्त्यांमागे लक्षणं झाकली जाऊ शकतात, हे 2013 च्या डीएसएम-5 च्या, म्हणजे निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन मानसोपचार संदर्भग्रंथाच्या, निकषांतच नमूद आहे.

मास्किंगची किंमत मोठी आहे. ब्रिटनमधल्या 2018 च्या एका अभ्यासात स्वमग्न प्रौढांचं मास्किंग आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध आढळला. एकामुळेच दुसरं होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगी ही बाब नक्कीच नाही.

ॲडमिनना बरंच करता येतं. ग्रुपच्या माहितीत पाच-सहा नियम स्पष्ट लिहा: विषय काय, लांब मेसेज चालतो का, चूक दाखवलेली चालते का. ‘जमेल तसं कळवा’ ऐवजी ‘गुरुवारी रात्री 9 पर्यंत हो किंवा नाही’ असं विचारा. उत्तर नको असेल तर ‘फक्त माहितीसाठी’ असं आधीच लिहा. ओळख करून देण्याची सक्ती नको. व्हिडिओ बैठक असेल तर विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवा, कॅमेरा ऐच्छिक ठेवा, आणि चॅटमधलं उत्तर बोललेल्या उत्तराइतकंच धरा.

नियम मोडला गेला तर मेसेज मुकाट्याने डिलीट करू नका. नेमकं कुठे चुकलं ते कळत नाही आणि माणूस सगळंच लिहिणं थांबवतो. खाजगीत एवढं पुरे: ‘तुमचा सकाळचा मेसेज काढला, कारण तो जाहिरातीत मोडतो. बाकीचे मेसेज ठीक आहेत, लिहीत राहा.’