‘एकूण’ दिसलं की बेरीज? तो तक्ता कंपासपेटीतून काढून टाका

परीक्षा जवळ आली की पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक तक्ता फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच. ‘एकूण, मिळून, जास्त’ दिसलं की बेरीज. ‘उरले, कमी, फरक’ दिसलं की वजाबाकी. ‘पट, दराने’ म्हणजे गुणाकार. ‘प्रत्येकी, समान’ म्हणजे भागाकार. खाली सूचना असतात: गोष्ट वाचत बसू नका, आकड्यांखाली रेघ ओढा, पाढे पाठ असले की उत्तर बरोबरच येणार, आणि मूल अडलं तर पालकांनी फक्त क्रिया सांगावी.

पाचवीच्या मुलांना मी गणित शिकवते. हा तक्ता कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला मला दिसतो. चिकटवणाऱ्या आईबाबांची तळमळ खरी आहे, म्हणूनच यातला एकेक दावा तपासून बघायला हवा.

पहिला दावा: शब्दावरून क्रिया ठरते. हे उदाहरण घ्या. ‘सुमनकडे २४ पेरू आहेत. ते राजूच्या पेरूंपेक्षा ६ ने जास्त आहेत. राजूकडे किती पेरू?’ तक्ता वापरणारं मूल ‘जास्त’ला गोल करतं आणि ३० लिहून मोकळं होतं. उत्तर १८ आहे. सुमनकडे जास्त आहेत, म्हणजे राजूकडे कमीच असणार. एवढा विचार करायला पाचवीही लागत नाही, तिसरीतलं पोर करतं. फक्त गोष्ट वाचावी लागते.

‘आजीने लाडू केले. १५ शेजारी दिले, २२ उरले. किती केले होते?’ इथे ‘उरले’ आहे आणि बेरीज करायची आहे. ‘बसमध्ये एकूण ५२ प्रवासी, त्यात २१ स्त्रिया, १८ पुरुष, बाकी मुलं. मुलं किती?’ इथे ‘एकूण’ आहे आणि शेवटी वजाबाकी आहे. ‘प्रत्येकी’चं तर विचारूच नका. ८ मुलांना प्रत्येकी ६ चिकू दिले तर किती चिकू लागले, हा गुणाकार. ४८ चिकू ८ मुलांना सारखे वाटले तर प्रत्येकी किती आले, हा भागाकार. शब्द तोच, चिकू तेच, मुलं तीच. क्रिया ठरते ती काय माहीत आहे आणि काय शोधायचं आहे यावरून.

मग पालक म्हणतात, ‘पण बाई, घरी तर या तक्त्याने सगळी उदाहरणं बरोबर येतात!’ येतात, कारण वजाबाकीच्या धड्यामागच्या स्वाध्यायात बहुतेक सगळी उदाहरणं वजाबाकीचीच असतात. तिथे न वाचताही उत्तर येतं. मूल दोन आकडे उचलतं, मोठ्यातून लहान वजा करतं. तक्त्याची खरी परीक्षा संकीर्ण उदाहरणांत होते. नेमकी तिथेच मुलं वही घेऊन टेबलापाशी येतात आणि विचारतात, ‘बाई, यात काय करायचं? गुणाकार की भागाकार?’ गोष्टीत काय घडलंय ते सांग म्हटलं की गप्प होतात. त्यांनी ती वाचलेलीच नसते.

दुसरा दावा: आकड्यांखाली रेघ ओढा, दिलेला प्रत्येक आकडा वापरा. फ्रान्समध्ये १९८० च्या सुमारास संशोधकांनी लहान मुलांना विचारलं होतं: ‘जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. कप्तानाचं वय किती?’ ९७ पैकी ७६ मुलांनी त्या आकड्यांतूनच वय काढून दिलं. ही मुलं मठ्ठ नव्हती. आकडे दिलेत म्हणजे ते वापरायचे, हे शाळेतच त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

आपल्या एसटीचं उदाहरण घेऊ. बाबा, आई, ७७ वर्षांची आजी आणि ९ वर्षांचा मुलगा एसटीने गावाला निघाले. पूर्ण तिकीट ८० रुपये धरू. बाबांचे ८०. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणून आईचे ४०. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं, म्हणून मुलाचे ४०. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, म्हणून आजीचं शून्य. झाले १६० रुपये. यात ७७ आणि ९ हे आकडे कशातच मिळवायचे नाहीत की कशातून वजा करायचे नाहीत, तरी त्यांच्याशिवाय उदाहरण सुटत नाही. आणि तक्त्यातला एकही शब्द इथे नाही. कंडक्टर तिकीट फाडताना हेच गणित करतो.

तिसरा दावा पाढ्यांचा. पाढे हवेतच. तीस पर्यंत पाठ असतील तर फारच छान, त्यावर माझा वाद नाही. पण पाढे आले की शाब्दिक उदाहरणं आपोआप येतात, हे खरं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना एक प्रश्न होता: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, तर ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. तरी २९ टक्क्यांनी उत्तर लिहिलं, ‘३१ बाकी १२’. ३२ बस असं लिहिणारी फक्त २३ टक्के होती. उरलेले बारा सैनिक रस्त्यावर उभे आहेत, हे भागाकार चोख करणाऱ्या मुलांच्याही ध्यानात आलं नाही. दुकानातल्या सवलतीचंही तसंच. ‘२० टक्के सूट, त्यावर आणखी १० टक्के’ म्हणजे ३० टक्के नव्हे. हजाराचे आधी ८०० होतात, मग ७२०. सूट २८ टक्केच मिळते.

चौथा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो: मूल अडलं तर पालकांनी क्रिया सांगावी. उदाहरणात विचार करायची जागा ती एकच असते, आणि तीच आपण त्याच्या हातून काढून घेतो. पुढे उरते ती आकडेमोड. त्याऐवजी आकडे बोटाने झाकून उदाहरण वाचायला लावा. ‘सुमनकडे काही पेरू आहेत, ते राजूपेक्षा जास्त आहेत.’ मग विचारा, कुणाकडे कमी? इंग्रजी माध्यमातलं मूल असेल तर गोष्ट घरच्या बोलीत सांगू द्या, काही बिघडत नाही. उत्तर काढण्याआधी अंदाज विचारा, काढल्यावर ताळा करायला लावा. ताळा म्हणजे नुसती उलटी आकडेमोड नाही. आलेलं उत्तर गोष्टीत ठेवून गोष्ट पुन्हा वाचायची: राजूकडे ३०, सुमनकडे २४, आणि सुमनकडे जास्त? मूल स्वतःच जीभ चावतं.

आणि चित्र काढायला लावा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (सन ११५०) भुंग्यांचं उदाहरण आहे. थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलिंध्रावर, या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुटजावर, आणि एक भुंगा हवेत घिरट्या घालत राहिला. एकूण किती? तक्त्यातले ‘फरक’, ‘पट’ आणि ‘एकूण’ तिन्ही इथे एकदमच येतात, आता काय करायचं? सगळ्या थव्यासाठी वहीत एक लांब पट्टी आखा आणि तिचे पंधरा सारखे भाग करा. पाचवा हिस्सा म्हणजे ३ भाग, तिसरा म्हणजे ५, फरक २, त्याची तिप्पट ६. झाले १४. उरला एक भाग, तोच तो एकटा भुंगा. म्हणून भुंगे पंधरा. बीजगणित न शिकलेली मुलंही हे करतात, आणि केल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

शेवटचा मुद्दा वेळेचा. ‘परीक्षेत वाचायला वेळ कुठे असतो?’ शिष्यवृत्तीसारख्या बहुपर्यायी परीक्षेत घाईने येणारं चुकीचं उत्तर बहुधा पर्यायांत ठेवलेलंच असतं. पेरूंच्या उदाहरणात १८ असेल तसा ३० सुद्धा असेल, आणि तो दिसला की तक्तेवाल्या मुलाला आपण बरोबर आहोत याची खात्रीच पटते. दोनदा वाचायला जे अर्धं मिनिट लागतं, ते तिथेच वसूल होतं.