प्रेसिडेंट दरवर्षी बदलू दे, कपाटाची किल्ली नको

परवा रात्री साडेनऊला फोन आला. दांडिया बाजारातल्या एका घरातली सूनबाई बोलत होती. सासूबाईंना पक्षाघात झालेला, दवाखान्यातून घरी आणून चारच दिवस झालेले आणि पाठीची कातडी लाल दिसायला लागलेली. "काकू, तुमच्या क्लबाकडे हवेची गादी मिळते ना?" मी हो म्हणून बसले आणि पुढचा दीड दिवस ती गादी शोधत बडोदाभर फिरले.

गादी आमच्याच साहित्य पेढीतली, म्हणजे आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू आम्ही डिपॉझिट घेऊन घरी वापरायला देतो त्यातली. सहा वर्षांपूर्वी क्लबाने घेतलेल्या दोन गाद्यांपैकी एक. पण ती सध्या कुणाच्या घरी आहे, तिचा पंप चालतो का, साहित्याच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, हे सांगू शकेल अशी एकही बाई आज कमिटीत नाही. रजिस्टर सापडलं ते एका माजी सेक्रेटरीच्या माळ्यावर, गौरीच्या मुखवट्यांच्या डब्याला टेकून ठेवलेलं. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची. तीन वॉकर आणि एक कमोड खुर्ची बाहेर गेलेली, डिपॉझिट जमा, परत आल्याची सही कुठेच नाही.

मैत्रिणींनो, पदग्रहण तोंडावर आलं असताना हे लिहितेय, कारण नंतर बोलून उपयोग नसतो. बावीस वर्षं मी या क्लबात आहे, दोनदा ट्रेझरर होते. आमचा क्लब गावातलाच, कुठल्या मोठ्या संस्थेशी जोडलेला नाही. पण जुलै ते जून हे वर्ष आणि दर वर्षी नवी प्रेसिडेंट ही रीत आम्ही रोटरीसारख्या क्लबांकडूनच उचलली. 1 जुलैला गळ्यात प्रेसिडेंटपदाची कॉलर पडते, 30 जूनला उतरते.

ही रीत मला मनापासून आवडते, हे आधी सांगते. प्रतापनगरच्या आमच्या एक मेंबर बावन्नाव्या वर्षी ट्रेझरर झाल्या. बँकेत त्यांची नमुना सही द्यायला मी बरोबर गेले होते. फॉर्मवर सही करताना त्या दोनदा थांबल्या. मग म्हणाल्या, "घरचा एकही चेक मी आजवर लिहिलेला नाही." वर्षअखेरीला त्याच बाईंनी सर्वसाधारण सभेत उभं राहून जमाखर्च वाचला आणि हॉलच्या भाड्यावरून आलेल्या प्रश्नाला पावती काढून उत्तर दिलं. पदं फिरती नसती तर त्या आयुष्यभर शेवटच्या रांगेत चहाचे कप गोळा करत राहिल्या असत्या.

बायकांना असं एकत्र बसायला जागासुद्धा कुणी आयती दिली नाही. 1923 च्या नोव्हेंबरात मँचेस्टरमधल्या रोटेरियनांच्या सत्तावीस बायका जमल्या त्या एका टर्किश बाथमध्ये, म्हणजे वाफेच्या हमामखान्यात. त्यांच्यातल्या मार्गरेट गोल्डिंग एकेकाळी नर्स होत्या. त्यांच्या पुढाकाराने 10 जानेवारी 1924 ला क्लब रीतसर सुरू झाला आणि त्यातून पुढे इनर व्हील ही बायकांची संघटना उभी राहिली. खुद्द रोटरीने जगभर बायकांना मेंबर करून घ्यायला 1989 उजाडलं. म्हणून प्रेसिडेंटच्या खुर्चीला मी कधीच हलकं लेखणार नाही.

माझं भांडण आहे ते वर्षाबरोबर कामही संपतं याच्याशी. जुलै-ऑगस्ट पदग्रहण, बॅनर आणि सत्कारात जातात. मग गणपती, नवरात्र, दिवाळी. मे महिन्यात निम्म्या जणी मुलांकडे पुण्याला नाहीतर परदेशी. हाताशी उरतात चार-पाच महिने, आणि त्यात प्रत्येक प्रेसिडेंटला स्वतःचा नवा प्रकल्प हवा असतो. वार्षिक अहवालात नव्या उपक्रमाला फोटोसकट अर्धं पान आणि साहित्य पेढीपुढे फक्त 'नेहमीप्रमाणे चालू'. ती चालू नव्हती, हे मला त्या माळ्यावर कळलं.

आपल्या गावातलीच एक गोष्ट सांगते. 1927 मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्षस्थानी आपल्या महाराणी चिमणाबाई होत्या. पुढच्याच वर्षी त्या खुर्चीवर भोपाळच्या बेगमसाहेबा आल्या, नंतर आणखी दुसऱ्या. अध्यक्ष बदलत गेल्या, पण मुलींच्या शिक्षणासाठी निधी जमवायचं काम त्यांनी वेगळ्या संस्थेकडे सोपवलं होतं. त्यातून 1932 मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज उभं राहिलं. दर वर्षी नव्याने श्रीगणेशा केला असता तर ते झालं नसतं. आणि चिमणाबाईंनी 1914 मध्ये इथे काढलेल्या स्त्री उद्योगालयाने तर शंभरी ओलांडली.

तेव्हा माझी मागणी एवढीच. साहित्य पेढीसाठी तिघींची समिती करा, मुदत तीन वर्षं, दर वर्षी एक जण बाहेर पडेल आणि एक नवीन येईल. प्रेसिडेंट कुणीही असो, तिच्याबरोबर ही समिती बदलणार नाही. किल्ल्या दोन, दोन वेगळ्या घरांत. डिपॉझिटचे पैसे क्लबाच्या खर्चात मिसळायचे नाहीत, ते लोकांचे आहेत. नोकरी करणाऱ्या नव्या मेंबरना आपण दुपारी चारच्या मीटिंगला बोलावतो आणि त्या येत नाहीत म्हणून रागावतो. त्यांना हे काम द्या, ते रात्री फोनवरूनही होतं.

गादी शेवटी मांजलपूरला सापडली. ज्यांच्यासाठी नेली होती ते आजोबा गेल्या वर्षीच गेले. त्यांच्या मुलाने ती धुऊन, घडी घालून ठेवली होती. म्हणाला, "परत कुणाला करायची तेच कळेना, फोन लावला तर म्हणाले, आता आमच्याकडे चार्ज नाही." पंप सुरू होता, एक नळी तेवढी बदलावी लागली. रिक्षात घालून मी ती दांडिया बाजारात पोचवली. आळीपाळीने फुगणाऱ्या आणि बसणाऱ्या पट्ट्यांवर आजींना निजवलं, दर दोन तासांनी कूस बदलायचीच हे सूनबाईला बजावलं. पाठीवर लाली होती, जखम झाली नव्हती. दीड दिवस आधी पोचले असते तर लालीही कमी असती.

सूनबाईची सही मी त्याच रजिस्टरात घेतली, दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीच्या खालच्या ओळीत. गुरुवारी बोर्ड मीटिंग आहे. रजिस्टर घेऊन येतेय. तीन नावं त्याच दिवशी ठरवूया, पहिलं माझं लिहा.