नोल्डे हिटलरला पुरून उरला? नाही हो!

एमिल नोल्डे या जर्मन चित्रकाराची एक गोष्ट सध्या बरीच फिरते आहे. नाझींनी त्याला चित्रं काढायला बंदी केली, पोलीस घरी येऊन झडती घेत, मग तेलरंगाचा वास येईल म्हणून तो लपून जलरंगात छोटी चित्रं करत राहिला आणि हिटलरला पुरून उरला. गोष्ट झकास आहे. फक्त तिच्यातला बराचसा भाग युद्धानंतर खुद्द नोल्डेनेच रंगवलेला आहे.

'हिटलरचा विरोधक' हे तर सोडूनच द्या. नोल्डे १९३४ साली उत्तर श्लेस्विगमधल्या (तेव्हाही डेन्मार्कचा भाग) नाझी संघटनेचा सभासद झाला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने आपला जुना सहकारी चित्रकार माक्स पेखस्टाइन ज्यू असल्याची चुगली सरकारी अधिकाऱ्याकडे केली होती. पेखस्टाइन ज्यू नव्हताच. (असता तर चुगली क्षम्य ठरली असती, असं मात्र नव्हे.)

'पण नाझींनी त्याचीच चित्रं अधःपतित, म्हणजे बिघडलेली कला, ठरवली ना?' ठरवली. संग्रहालयांतून त्याच्या हजाराहून अधिक कलाकृती उचलल्या गेल्या. अशा कलेची बदनामी करायला नाझींनी १९३७ मध्ये म्यूनिकला भरवलेल्या प्रदर्शनात 'ख्रिस्ताचं जीवन' हे त्याचं नऊ भागांचं मोठं काम टांगलं होतं. पण एवढा मार खाऊनही गडी बाजू बदलायला तयार नव्हता. १९३८ मध्ये त्याने नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला पत्र लिहिलं: जर्मन कलेवरच्या परक्या प्रभावाशी मीच तर लढत आलो, माझी बदनामी थांबवा.

बंदी आली ती ऑगस्ट १९४१ मध्ये, आणि तीही धंद्यावर. प्रदर्शन, विक्री, प्रकाशन बंद. घरात बसून कुंचला चालवायला मनाई नव्हती. झडती घेणारा पोलीस लोकांच्या डोक्यात पक्का बसला तो झीगफ्रीड लेन्त्स या जर्मन लेखकाच्या १९६८ च्या कादंबरीमुळे. तिच्यात चित्रं काढायला बंदी असलेल्या एका चित्रकारावर पोलीस पाळत ठेवतो. वाचकांनी त्या पोलिसाला थेट नोल्डेच्या दारात नेऊन उभा केला.

आता ती छोटी चित्रं. वहीच्या पानाएवढा जपानी कागद, ओला असतानाच त्यावर सोडलेला रंग, तो पसरेल तसा पसरू द्यायचा, मग त्या डागांतून एखादा दाढीवाला म्हातारा किंवा दोन बायका दिसल्या की काळ्या रेषेने त्यांना पकडायचं. अप्रतिम आहेत, यात वादच नाही. पण ही पद्धत भीतीतून जन्मली नाही. तो असं काम बंदीच्या कितीतरी आधीपासून करत होता, आणि या छोट्या चित्रांपैकी 'न रंगवलेली चित्रं' या नावाने दाखवली जाणारी अनेक पानं १९४१ च्या आधीची आहेत.

शैली बदलली, हे खरं. पण कुठल्या दिशेला? १९०९ ते १९१२ च्या दरम्यान ज्याने भडक पिवळ्या चेहऱ्यांचे येशू आणि शिष्य रंगवले, तोच नाझी काळात बायबल बाजूला ठेवून व्हायकिंग आणि उत्तरेकडच्या दंतकथांकडे वळला. सत्तेला काय आवडतं ते त्याला चांगलं कळत होतं.

२०१९ मध्ये बर्लिनला हे सगळं कागदपत्रांसकट एका प्रदर्शनात मांडलं गेलं. तेव्हाच्या जर्मन चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांच्या कार्यालयात नोल्डेची दोन चित्रं होती. त्यातलं लाटांचं चित्र त्या प्रदर्शनासाठी गेलं. नंतर दोन्हींपैकी एकही त्यांच्या भिंतीवर परत लागलं नाही.