शूर होता, म्हणून खूनच झाला?

‘मेरिवेदर लुईसचा खून झाला आणि सरकारने तो दोनशे वर्षं दडपला,’ असा एक व्हिडिओ काल रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर आला. त्याखाली काकांनी लगेच लिहिलं, ‘बरोबर. एवढा शूर माणूस जीव देईलच कसा?’ माझी धाकटी बहीण त्याच ग्रुपवर आहे. दोन वर्षं ती डिप्रेशनच्या गोळ्या घेतेय. तिने ते वाचलं आणि रात्री मला फोन केला.

लुईस म्हणजे १८०४ ते १८०६ मध्ये सहकारी विल्यम क्लार्कबरोबर अमेरिका खंड ओलांडून पॅसिफिक महासागर गाठून परत आलेला माणूस. ११ ऑक्टोबर १८०९ ला टेनेसीतल्या एका आडवाटेच्या मुक्कामावर तो गोळ्या लागून मेला. वय ३५.

व्हिडिओ म्हणतो, गोळ्या दोन, म्हणजे मारेकरी आलाच. त्या काळच्या पिस्तुलात एकच बार असायचा आणि लुईसकडे पिस्तुलं दोन होती. पुढे म्हणतो, प्रवासाच्या वह्या चोरायलाच त्याला मारलं. मग त्या चोरीला का गेल्या नाहीत? त्याच्या कागदांच्या पेट्या आपल्याकडे असल्याचं सोबतच्या मेजर नीलीने आठवड्याभरात माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसनला कळवलं, आणि त्याच वह्यांवरून १८१४ मध्ये प्रवासवृत्तान्त छापून निघाला.

एक मात्र मान्य करावं लागतं. त्या मुक्कामाची मालकीण मिसेस ग्राइंडरची हकीकत दर वेळी बदलत गेली, आणि १८४८ मध्ये स्मारक उभारणाऱ्या समितीनेही खुनाची शक्यता जास्त असं लिहिलं. पण ते जवळपास चाळीस वर्षांनी. सरकार कबर उकरू देत नाही हेही खरं. त्यावरून खून सिद्ध होत नाही.

आता काकांचं वाक्य. लुईसला क्लार्कइतकं जवळून कोण ओळखत होतं? ऑगस्ट १८०९ मध्ये सेंट लुईसला दोघांनी निरोप घेतला. लुईसने लुइझियाना प्रांताचा गव्हर्नर म्हणून केलेल्या खर्चाची बिलं वॉशिंग्टनच्या सरकारने नाकारली होती, सावकार दारात उभे होते. त्याची ती अवस्था पाहून आपल्याला किती वाईट वाटलं, हे क्लार्कने भाऊ जोनाथनला कळवलं. त्याच्याइतका प्रामाणिक माणूस नाही, असंही त्यात आहे. ऑक्टोबरमध्ये वाटेत वर्तमानपत्रात मृत्यूची बातमी वाचली, तेव्हा २८ तारखेच्या पत्रात तो लिहितो: मला भीती वाटते, त्याच्या मनावरच्या ओझ्याने त्याला गाठलं. खुनाची शंका त्याला शिवलीही नाही. वाटेतल्या फोर्ट पिकरिंग या किल्ल्याचा अधिकारी कॅप्टन रसेल याने तर १८११ मध्ये निवेदन दिलं, की नावेवर लुईसने आधीच दोनदा आत्महत्येचा प्रयत्न केला होता, असं खलाशांनी सांगितलं.

रॉकी पर्वत ओलांडणाऱ्या माणसाला क्लार्कने भित्रा म्हटलं नाही. शौर्याचा या आजाराशी काय संबंध? माझी बहीण रोज सकाळी उठून कामावर जाते, त्याला किती बळ लागतं ते मी पाहतो.

काका, तुमचं ते वाक्य ग्रुपवरून काढा. आजच.