‘७३ टक्के प्राणी संपले’: हा आकडा असं म्हणतच नाही

दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरत येतो. शब्द थोडे बदलतात, आशय तोच: ‘१९७० पासून पृथ्वीवरचे ७३ टक्के प्राणी संपले. रोज दोनशे प्रजाती कायमच्या नष्ट होतात. हे आकडे उपग्रह आणि एआयने मोजलेले आहेत, तेव्हा शंकेला जागा नाही. आता काहीही केलं तरी उशीर झालाय.’ पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना निसर्गाची काळजी असते. मलाही आहे, म्हणूनच या चारही वाक्यांना उत्तर द्यावंसं वाटतं. पहिल्या तिन्हींच्या आधारावर चौथं उभं राहतं, आणि खरा घात ते चौथं वाक्य करतं.

‘७३ टक्के प्राणी संपले’

आकडा खरा आहे, वाक्य चुकीचं आहे.

हा आकडा वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर आणि झूलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन यांच्या ‘लिव्हिंग प्लॅनेट’ निर्देशांकाचा, २०२४ च्या अहवालातला. त्यासाठी ५,४९५ प्रजातींच्या ३४,८३६ समूहांच्या नोंदी वापरल्या आहेत. समूह म्हणजे एका ठिकाणी राहणारे एकाच जातीचे प्राणी: अमुक तळ्यातले बेडूक, तमुक किनाऱ्यावरची कासवं. १९७० ते २०२० या काळात प्रत्येक समूहाची संख्या किती पट झाली हे पाहतात आणि त्या पटींची सरासरी काढतात. ७३ टक्के ही त्या सरासरीतली घट आहे. जगातल्या सगळ्या प्राण्यांची डोकी मोजून काढलेला हा आकडा नव्हे.

फरक किती पडतो ते एका छोट्या हिशेबात पाहा. समजा, एका तळ्यात ५० बेडूक होते, आता २ उरले. एका माळावर १,००० हरणं होती, आता १,०५० आहेत. पूर्वी एकूण प्राणी १,०५० होते, आज १,०५२ आहेत, म्हणजे दोनने जास्तच. पण बेडूक ०.०४ पट झाले आणि हरणं १.०५ पट. हा निर्देशांक सरासरीसाठी भूमितीमध्य वापरतो: दोन्ही पटींचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ घ्यायचं. उत्तर ०.२ च्या आसपास येतं, म्हणजे सुमारे ८० टक्के घट. प्राणी दोनने वाढले आणि निर्देशांक ८० टक्क्यांनी घसरला, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. प्रत्यक्षात प्रदेश आणि प्राणीगट यांना वेगवेगळं वजनही दिलं जातं, पण हिशेबाचा गाभा हाच.

यावरून ‘मग हा निर्देशांकच फसवा’ असं म्हणणारेही भेटतात. ते मला मान्य नाही. त्या तळ्याकडे पुन्हा पाहा. ५० चे २ बेडूक होणं ही आपत्तीच आहे, आणि नुसती बेरीज केली असती तर हरणांच्या कळपाआड ती दिसलीही नसती. निर्देशांक धोक्याची घंटा म्हणून बनवलेला आहे. त्याला शिरगणती समजणं ही वाचणाऱ्याची चूक.

घंटा किती जोरात वाजते, यावर मात्र संशोधकांमध्ये खरा वाद आहे. २०२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला. १४,००० हून अधिक समूहांपैकी अतिशय वेगाने कोसळणारे तीन टक्क्यांहूनही कमी समूह बाजूला काढले, तर जगाची सरासरी घट नाहीशी होऊन किंचित वाढ दिसते, असं त्यात आढळलं. २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधल्या अभ्यासाने तर गणिताच्या पद्धतीमुळेच घट फुगून दिसते असं दाखवलं. पण त्याच २०२० च्या अभ्यासात हिंदी-प्रशांत पट्ट्यातले काही प्राणीगट सरसकट घटत असल्याचंही दिसलं होतं. ती बाजू सांगितल्याशिवाय पहिली बाजू सांगू नये.

मला यातून हाती लागतं ते असं: झळ सगळीकडे सारखी बसलेली नाही. खुद्द २०२४ च्या अहवालात गोड्या पाण्यातल्या समूहांची सरासरी घट ८५ टक्के आहे, समुद्रातल्यांची ५६. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन भागात ९५ टक्के, युरोप आणि मध्य आशियात ३५. युरोपचा आकडा लहान दिसतो, कारण तिथली बरीचशी पडझड १९७० च्या आधीच होऊन गेली होती आणि मोजणी त्यानंतर सुरू झाली. एका ओळीच्या मजकुरात हे काहीच मावत नाही. नद्या आणि पाणथळी यांच्याकडे आधी धावायला हवं, हेही त्यात हरवतं.

आणि हा सगळा हिशेब फक्त पृष्ठवंशी प्राण्यांचा आहे. कीटक, वनस्पती, बुरशी यांचा त्यात समावेशच नाही.

‘रोज दोनशे प्रजाती नष्ट होतात’

असा आकडा कुणीही मोजलेला नाही, आणि मोजता येणारही नाही. जंगल इतकं कमी झालं तर प्रजाती इतक्या कमी होतील, असं एक सूत्र घ्यायचं. पृथ्वीवर एकूण प्रजाती किती, याचा एक अंदाज घ्यायचा. दोन्हींवरून दिवसाचा दर काढायचा. त्यातला अंदाज बदलला की दरही बदलतो. २०११ च्या एका गाजलेल्या अभ्यासात केंद्रक असलेल्या पेशींच्या सजीवांच्या (प्राणी, वनस्पती, बुरशी वगैरे) प्रजाती सुमारे ८७ लाख धरल्या होत्या, आणि आजवर नाव मिळालेल्या आहेत साधारण २० लाख.

दुसऱ्या टोकाला आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी आहे; कोणती प्रजाती किती धोक्यात, हे ती सांगते. इ.स. १५०० नंतर नामशेष झाल्याची नोंद असलेल्या प्रजाती तिच्यात सुमारे ९०० आहेत. ‘पाचशे वर्षांत फक्त नऊशे?’ म्हणून हायसं वाटून घेऊ नये. नामशेष हा शिक्का मारायला फार वेळ लागतो. स्लेन्डर-बिल्ड कर्ल्यू या पाणथळीतल्या पक्ष्याची शेवटची निर्विवाद नोंद १९९५ ची, मोरोक्कोतली. यादीत तो नामशेष म्हणून लागला २०२५ मध्ये. मधली तीस वर्षं माणसं त्याला शोधत होती.

हा शिक्का घाईने का मारू नये, याचंही उदाहरण आहे. इंडोनेशियाच्या सायक्लॉप्स पर्वतात अ‍ॅटनबरो लाँग-बीक्ड एकिडना हा अंडी घालणारा सस्तन प्राणी १९६१ मध्ये मिळाला होता, तोही एकच नमुना, संग्रहालयात ठेवलेला. २०२३ च्या मोहिमेत ८० हून अधिक कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप चित्र टिपणारे कॅमेरे, लावले गेले. शेवटच्या दिवशी, शेवटच्या मेमरी कार्डवर तो चालताना दिसला.

मग भरवशाचं काय सांगता येतं? २०१९ मध्ये आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने सुमारे १० लाख प्रजातींना नष्ट होण्याचा धोका असल्याचं म्हटलं. हाही अंदाजच, पण कसा काढला ते उघड मांडलेला. लाल यादीत तपासलेल्या १,६०,००० हून अधिक प्रजातींपैकी ४६,००० हून अधिक संकटात आहेत. ‘संकटात’ आणि ‘संपल्या’ यांत जे अंतर आहे, संवर्धनाचं सगळं काम त्या अंतरातच चालतं.

‘उपग्रह आणि एआयने मोजलंय’

हे वाचून मला खरोखर वाईट वाटतं, कारण यात हजारो माणसांचे कष्ट पुसले जातात. लिव्हिंग प्लॅनेटमधल्या बहुसंख्य नोंदी चिखलात उभं राहून, दुर्बिणीतून, जाळी टाकून, वर्षानुवर्षं त्याच जागी परत जाऊन केलेल्या आहेत.

कीटकांबद्दलचा सर्वांत गाजलेला आकडा कुठून आला पाहा. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हौशी कीटक अभ्यासकांनी १९८९ पासून तंबूसारखे जाळीचे सापळे लावले आणि बाटलीत जमलेल्या कीटकांचं वजन केलं. ६३ संरक्षित जागा, २७ वर्षं. २०१७ मध्ये त्यावर शोधनिबंध आला, तेव्हा उडणाऱ्या कीटकांचं वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलेलं निघालं. (याचंही पुढे ‘जगातले ७५ टक्के कीटक मेले’ झालं. २०२० मध्ये जगभरच्या १,६७६ ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा जमिनीवरचे कीटक दशकाला सुमारे ९ टक्क्यांनी घटताना दिसले आणि गोड्या पाण्यातले ११ टक्क्यांनी वाढताना.)

नवी साधनं उपयोगाची आहेतच. एम्परर पेंग्विनच्या वसाहती बर्फावरच्या विष्ठेच्या डागांवरून उपग्रहाला सापडतात. दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅडो उद्यानातले हत्ती उपग्रहचित्रांत ओळखता येतात, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. पण पानाखालचा बेडूक वरून दिसत नाही. पाण्याच्या नमुन्यातला डीएनए तपासला तर तिथे कोणते मासे, कोणते उभयचर आहेत ते कळतं. २०२२ मध्ये तर प्राणिसंग्रहालयांभोवतीच्या हवेतूनही प्राण्यांचा डीएनए गाळून ओळखला गेला. ते किती आहेत, पिल्लं होताहेत का, की तो डीएनए वरच्या अंगाने वाहत आला, हे मात्र त्या नमुन्यावरून नीट कळत नाही. शिवाय ओळख पटवायला त्या जातीचा डीएनए आधी कुणीतरी नोंदवलेला असावा लागतो.

एआयचंही तेच. टांझानियातल्या सेरेंगेटी उद्यानातल्या कॅमेरा ट्रॅपची ३२ लाख छायाचित्रं संगणकाने स्वयंसेवकांइतक्याच अचूकपणे ओळखल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. त्याला शिकवायला आधी स्वयंसेवकांनीच ती छायाचित्रं एकेक करून ओळखलेली होती. जी जात दुर्मीळ, तिची छायाचित्रं आणि ध्वनिमुद्रणं कमी. म्हणजे जिथे मदत सर्वांत जास्त हवी, तिथेच यंत्र चाचपडतं.

‘आता उशीर झालाय’

हे तपासलं गेलंय. २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने संवर्धनाच्या उपायांवरचे १८६ अभ्यास, त्यांतल्या ६६५ चाचण्या एकत्र केल्या. सुमारे दोन तृतीयांश वेळा उपायांमुळे स्थिती सुधारली किंवा घसरण मंदावली. उरलेल्यांत अपयशही आहे. ऑस्ट्रेलियात एका संरक्षित सागरी पट्ट्यात शिकारी जीव वाढले आणि त्यांनी सागरघोडे कमी केले. मोजणी चालू होती म्हणून तेही कळलं.

आयबेरियन लिंक्स ही रानमांजर २००२ मध्ये १०० च्याही खाली होती. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये सशांची संख्या वाढवली, पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं रानात सोडली, रस्त्यांखालून वाटा काढल्या. २०२३ च्या गणनेत पिल्लं धरून ती २,००० च्या वर गेली, आणि पुढच्या वर्षी लाल यादीने तिला ‘धोक्यात’ या वर्गातून एक पायरी कमी धोक्याच्या, ‘असुरक्षित’ वर्गात आणलं. कझाकस्तानातल्या सैगा हरणांवर २०१५ मध्ये जिवाणूंची साथ आली आणि काही आठवड्यांत २ लाखांहून अधिक मेली. त्या महिन्यात हा मजकूर कुणी पाठवला असता तर त्याला काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. शिकारीवर पहारा आणि माळरानांचं संरक्षण तरीही चालू राहिलं. २०२२ च्या मोजणीत सैगा १३ लाखांहून जास्त होती.

आणि अगदी टोकाचं उदाहरण: मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातातली व्हाकिता, व्हेल-डॉल्फिनच्या गटातली जगातली सर्वांत लहान प्रजाती. १९९७ मध्ये ५०० हून अधिक, २०२३ च्या पाहणीत १० ते १३. इतक्या थोड्या उरल्यावर अंतःप्रजननानेच, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजननानेच, संपणार, असं वाटत होतं. २०२२ मध्ये तिच्या जनुकांचा अभ्यास झाला. ही प्रजाती पूर्वीपासून कमी संख्येतच टिकून आहे आणि तिच्यात घातक जनुकदोष तुलनेने कमी आहेत, असं दिसलं. जाळ्यांत अडकून होणारे मृत्यू पूर्ण थांबले तर संगणकी प्रारूपांपैकी फक्त ६ टक्क्यांत ती नामशेष झाली. मृत्यू ८० टक्क्यांनीच कमी झाले, तर ६२ टक्क्यांत. त्याच वर्षी तिच्या अधिवासाच्या गाभ्यात हूक बसवलेले काँक्रीटचे ठोकळे समुद्रतळाशी सोडायला सुरुवात झाली, म्हणजे कुणी जाळं टाकलं तर ते अडकून फाटेल. २०२३ च्या पाहणीत मोजणाऱ्यांना एक-दोन पिल्लंही दिसली.