दुपट्ट्याखालचा मृगाचा किडा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की वावरात ते लाल मखमली किडे निघतात. त्यांचा फोटो वरून काढला तर कुंकवाचा ठिपका दिसतो. म्हणून कॅमेरा जमिनीपासून दोन बोटांवर आणायचा. कॅमेरा येतो बिचारा, मान येत नाही.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा तर गाल काळ्या चिखलात. मग मागचा स्क्रीन वर वळवायचा. तो आभाळाकडे तोंड करून बसतो आणि त्यात किडा सोडून सगळं दिसतं: ढग, धुऱ्यावरची बाभूळ, आपलंच घामेजलेलं थोबाड. ब्राइटनेस वाढवा, पण उन्हापुढे तीन इंची स्क्रीन म्हणजे भर दुपारी लावलेला कंदील. वर चित्र उगाच उजळ दिसतं, आपण एक्स्पोजर उतरवतो आणि घरी सगळे किडे काळवंडलेले निघतात. हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखावर भरवसा ठेवावा, स्क्रीनच्या उजळपणावर नाही. पोलराइज्ड गॉगल मात्र आधी काढा. कॅमेरा आडव्याचा उभा केला, की त्यातून काही स्क्रीन चक्क काळे दिसतात आणि माणूस चांगली बॅटरी काढून फुंकत बसतो.

शेवटी आपल्याकडचा उन्हावरचा पिढीजात इलाज, दुपट्टा. डोक्यावरून घेऊन कॅमेऱ्यासकट झाकून घ्यायचा. पांढरा नको, त्यातून उजेड झिरपतो. गडद हवा, तोही दुहेरी. आत शिरलं, की स्क्रीन गप्प! मिररलेस कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरपाशी डोळा ओळखणारा सेन्सर असतो. त्याला कापड शिवलं, की साहेब डोळा लावून बसले असं त्याला वाटतं आणि चित्र तिकडे जातं. मेनूत ‘फक्त मॉनिटर’ करून ठेवा, तेही दुपट्टा घेण्याआधी. फ्लॅश वापरत असाल तर एक्स्पोजर प्रिव्ह्यूही (फोटो किती उजळ येईल ते स्क्रीनवर आधीच दाखवणारी सोय) बंद करा, नाहीतर आत अमावस्याच.

आता खरी परीक्षा. १:१ ला, म्हणजे किडा आहे तेवढाच कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उमटेल इतक्या जवळून, लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक करूनही जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. ऑटोफोकस बंद, चित्र दहापट मोठं, आणि रिंग फिरवायची नाही. कॅमेराच केसभर पुढेमागे डोलवायचा. स्पष्ट कडांवर रंगीत रेघा ओढणाऱ्या फोकस पीकिंगचा रंग लाल असेल तर बदला. लाल किड्यावर लाल रेघा शोधण्यापेक्षा गहू निवडलेले बरे. दुपट्ट्याआड स्क्रीन वीतभरावर येतो, त्यामुळे चाळिशीवाल्यांना वाचायचा चष्मा लागतो. चष्म्यावर वाफ धरते. बाहेरून कुणीतरी विचारतंच, “काय हरपलं जी?” उत्तर द्यायला तोंड वर केलं, की फोकस गेला.

एवढ्या खाली ट्रायपॉड बसत नाही, म्हणून लेन्सखाली दाण्यांनी भरलेली थैली ठेवायची. सोयाबीनचे दाणे गुळगुळीत, भाराखाली बाजूला पळतात. सरकी चांगली, एकमेकींना धरून राहते. अर्धा किलो पुरे. फक्त दुपट्ट्याआड असताना फोकस आपोआप खाली खाली जायला लागला, तर लेन्सला दोष देऊ नये. कापड उचलून आधी आजूबाजूला शेळी आहे का ते बघावं.