कावीळ म्हणजे फक्त खडे नव्हे
काविळीवरचा लेख छान आहे, पण पित्तनलिका (यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळी) तुंबून कावीळ व्हायचं कारण म्हणजे खडा नाहीतर कॅन्सर असं दोनच लिहून मोकळे झालात राव, जंत कुठे गेले? आपले साधे गोल जंत, पोरांच्या शीतून पडतात तेच, वीतभर ते फूटभर लांब. राहतात लहान आतड्यात पण त्यांना भोकात घुसायची भारी खोड, पित्तनलिका जिथे आतड्यात उघडते तिथून सरळ वर चढतात. मग उजव्या बरगडीखाली अशी कळ येते की माणूस गडबडा लोळतो, उलट्या, आणि वाट तुंबलीच तर ताप-कावीळ. काश्मीरमध्ये हे इतकं कॉमन होतं की श्रीनगरच्या डॉ. खुरूंनी 1990 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 500 पेशंटचा अभ्यास छापला. सोनोग्राफीत नळीच्या आत दोन समांतर रेघा दिसतात, जिवंत असेल तर चक्क वळवळताना दिसतो!! बऱ्याचदा सलाईन आणि औषधांवर तो आपणहून खाली येतो, नाही आला तर एंडोस्कोपीने (तोंडातून दुर्बीण घालून) चिमट्यात धरून ओढतात. जंताच्या गोळीचं म्हणाल तर अल्बेंडाझोल काम करतं ते मुख्यतः आतड्यात, वर अडकलेल्यावर तितकं नाही, आणि आतच मेला तर त्याच्याभोवती खडा धरतो ती वेगळीच कटकट. आणि आपल्याकडे कावीळ म्हटलं की आधी माळ घालून उतरवायला पळतात, आठवडा तिथेच जातो, सोनोग्राफी नंतर! शाळा-अंगणवाडीत 10 फेब्रुवारीला जंताची गोळी देतात ती पोरं खिशात घालून घरी आणतात, ती तिथेच चावून खायला लावा.